न धुतलेलं बॅरल

शी! ती चिंधी अजून डोळ्यांसमोरून जात नाही.

माझी रायफल लष्करातली, आजोबांच्या वयाची. कॉलेजात एनसीसीत नेमबाजी शिकले होते. ती हौस इथे डब्लिनजवळच्या क्लबात पुन्हा सुरू झाली. रायफल एकच, परवाना मात्र माझ्याही नावावर नि नवऱ्याच्याही. तिचं जुनं बॅरल, म्हणजे नळी, आतून इतकं झिजलं होतं की गोळ्या वाट्टेल तिकडे जायच्या. महिनोन् महिने वाट बघून गनस्मिथकडून नवं बसवून घेतलं आणि क्लबच्या संघात पहिल्यांदाच माझं नाव लागलं. सामना कॉर्क शहरातल्या क्लबाशी होता.

नवी काडतुसं महाग, म्हणून नवऱ्याने लष्करी गोदामातून निघालेली जुनी, स्वस्तातली आणली. मी म्हटलं, "अरे, ही जुनी दारू जळली की तिचं मीठ आत चिकटून बसतं नि गंज चढतो. त्याच दिवशी उकळतं पाणी ओतून बॅरल धुवायचं, मग कोरडं करून तेल."

"हो गं बाई, कळलं."

पुढच्याच रविवारी मला हॉस्पिटलात ड्यूटी लागली. हा एकटाच जाऊन मनसोक्त गोळ्या उडवून आला. साफ केलंस का विचारलं, तर म्हणे, "चकाचक!"

सामन्याच्या आदल्या दिवशी मी बॅरलमधून चिंधी ओढली. तपकिरी, चिकट, गंजाचा वास मारणारी. दुसरी ओढली, तीही तशीच. दिव्यासमोर धरून पाहिलं तर आत नुसते बारीक बारीक खड्डे.

"पाणी ओतलं होतंस?"

"लोखंडात पाणी कोण ओततं? आई विळीला लावते तसं तेल लावलं ना मस्त!"

"तेलात मीठ विरघळतं का रे कधी?"

हा गृहस्थ लिक्सलिप गावात कॉम्प्युटर चिपच्या कारखान्यात इंजिनियर आहे. धुळीचा एक कण आत जाऊ नये म्हणून तिथे डोक्यापासून पायापर्यंत पांढरा सूट घालतो. तिथला प्रत्येक नियम पाळतो, मान खाली घालून. घरी बायको सांगते ती मात्र कटकट! किळस आली मला त्याची, अगदी खरं सांगते.

सामन्यात माझ्या गोळ्या फाकल्या त्या फाकल्याच. पुढच्या वेळी दुसऱ्या कुणाला संधी देऊ, असं कप्तानाने गोड शब्दांत सांगितलं. मी गाडीत रडत होते, तर हा इथल्या आयरिश लोकांसारखा म्हणतो, "अगं, इट्स ग्रँड, काही बिघडत नाही! तुला कुठे ऑलिंपिकला जायचंय?"

घरी आल्यावर मी रायफल कपाटात ठेवली आणि नवऱ्याकडची कपाटाची किल्ली मागितली. टीव्हीवरची नजर न काढता त्याने ती माझ्या हातावर ठेवली.