शब्द माझा, धाक दौलतचा

दौलत गेल्याचं मला न्हाव्याच्या दुकानात कळलं. एका गालाला साबण तसाच होता. वस्तरा पुसता पुसता न्हावी म्हणाला, "मास्तर, तुमचा तो कुत्रेवाला गेला ना परवा. कावीळ झाली होती म्हणते." तुमचा म्हणाला तो! बारा वर्षं आम्ही एकमेकांशी बोललो नव्हतो, रस्त्यात दिसला तर मी पानठेल्याकडे वळत असे, आणि मोहल्ल्याच्या लेखी तो अजून माझाच होता. मी दाढी पूर्ण करून घेतली, घरी आलो आणि दुपारभर नुसता बसून राहिलो. त्याला आता दीड महिना झाला. जे लिहायला हवं ते आज लिहितो आहे.

दौलत फौजेत कुत्री शिकवायचा. हवालदार होऊन परत आला आणि आमच्याच इंदोरा मोहल्ल्यातल्या घरामागच्या मोकळ्या जागेत त्याने तेच काम मांडलं. सिव्हिल लाइन्समधल्या बंगल्यांची मोठमोठी कुत्री त्याच्याकडे महिना-दोन महिन्यांसाठी यायची. त्याची रीत साधी होती. कुत्र्याने माणसाच्या आधी दारातून जायचं नाही, माणसाच्या आधी खायचं नाही, आणि गुरगुरलं की त्याला उताणं पाडून, गळ्यावर हात दाबून, ते अंग सोडेपर्यंत धरून ठेवायचं. गळ्यात आवळणारी साखळी असे. "घरात हुकूम एकाचाच, मास्तर," तो म्हणायचा, "मालक कोन हे एकदा समजलं का कुत्रं सुखी." फौजेतलं एक कुत्रं हुकूम ऐकल्यावर क्षणभर घुटमळलं आणि सुरुंगावर गेलं, ते त्याने डोळ्यांनी पाहिलं होतं. त्यानंतर घुटमळणं ही गोष्ट त्याला कोणत्याच जनावरात सहन होत नसे.

मी शाळेत मराठी शिकवतो. कुत्र्यांबद्दल मला पुस्तकी माहिती शून्य, पण मतं भरपूर. जनावर प्रेमाने शिकतं, भाकरीचा तुकडा हातात धरला की सगळं जमतं, असं मी त्याच्या अंगणात खाटेवर बसून तावातावाने सांगायचो. तो ऐकून घ्यायचा आणि हसायचा. "म्हंजे पोरायले छडी अन् कुत्र्याले भाकर? वा गा मास्तर!" वर्गात माझी छडी कुप्रसिद्ध होती, हे त्याला माहीत होतं. मी चिडायचो, त्याची बायको शेवंतावहिनी चहा आणायची, आणि दुसऱ्या दिवशी तोच वाद पुन्हा पहिल्यापासून. आयुष्यात इतका चांगला मित्र मला दुसरा मिळाला नाही.

मग आमच्या घरी शेरू आला. गावठीच, पण अंगाने दांडगा. माझी मुलगी सुमन तेव्हा नऊ वर्षांची, तिनेच त्याला वाढवलं. वर्षभर मी भाकरीचे तुकडे घेऊन त्याच्या मागे हिंडलो. त्याने भाकरी खाल्ली, सायकलींच्या मागे धावला आणि शेवटी दूधवाल्याच्या पोटरीला चावला. शेजारी काठ्या घेऊन दारात आले. तेव्हा माझी सगळी मतं गुंडाळून मी शेरूला दौलतच्या स्वाधीन केलं. नाक कापलं गेल्यासारखं वाटत होतं. निदान एका बाबतीत तरी माझं चालावं म्हणून मी अट घातली, की हुकूम इंग्रजी नकोत. तो सगळ्या कुत्र्यांना 'सिट' शिकवायचा. मी म्हटलं, "आमच्या घरी इंग्रजी कोणी बोलत नाही. त्याला मराठीत 'बस' शिकव."

दौलतला ते पटलं नाही. "बस काहून? लोक दिवसभर बस-बस करून राहते मास्तर. ते भलतीकडंच बसन. तुले सिट नाई पायजे तं दुसरा कोनता शबुद घे, जो कोनी बोलत नाई."

"मराठी मी शिकवतो की तू?" मी म्हणालो. त्याने शेरूची साखळी हातात घेतली.

महिन्याने शेरू परत आला तो ओळखू येईना. 'बस' म्हटलं की असेल तिथे मागचे पाय टेकायचा. उठायचा फक्त पाठीवर हाताची थाप पडली तरच, मग समोर मटण ठेवा नाहीतर मांजर सोडा. शेजारी बघायला यायचे. सुमन म्हणाली, "बाबा, हा आता शेपटी हलवत नाही." मला ते दिसत होतं. पण घरात शांतता होती, दूधवाला आत येऊ लागला होता, आणि मला ती शांतता आवडली होती.

छिंदवाडा रोडवर आम्ही सकाळी फिरायला जायचो. शेरू मोकळाच असे, साखळीची आता गरज काय अशी माझी गुर्मी. त्या दिवशी सुमन आणि मी रस्ता ओलांडून पलीकडे पोचलो, तो मागून रमतगमत येत होता. वळणावरून शहर बस आली. सुमनने ती आधी पाहिली आणि जिवाच्या आकांताने मला सांगायला ओरडली, "बाबा, बस! बस!"

शेरू बसला. रस्त्याच्या मधोमध, कान मागे पाडून, मान ताठ. मी ऊठ म्हणालो, ये म्हणालो, धावलो. तो माझ्याकडे बघत होता, पण हलला नाही. ड्रायव्हरने ब्रेक लावला होता, त्याचा काहीच दोष नव्हता... पाठीवर हात ठेवायला मी पोचलो तेव्हा त्या थापेचा काही उपयोग उरला नव्हता.

घरी येईपर्यंत सुमन रडली नाही. दारात तिने विचारलं, "बाबा, मी ओरडले म्हणून का?" मी लगेच म्हणालो, "नाही. दौलतकाकांनी त्याला मारून मारून तसा केला, म्हणून." लेकराच्या मनावरचा भार उतरवायला दुसरं काही सुचलं नाही, हे खरं. पण स्वतःच्या मनावरचाही मी त्याच वाक्याने उतरवला, हेही तितकंच खरं. त्याच संध्याकाळी मी दौलतच्या दारात, दोन बंगलेवाल्या गिऱ्हाइकांसमोर त्याला कसाई म्हणालो. पुढे वर्षभर जो भेटेल त्याला तेच सांगितलं. त्याच्याकडची कुत्री कमी कमी होत गेली. शब्द कोणाचा होता, हे मी कुणालाही सांगितलं नाही, आणि माझ्या नवलाची गोष्ट म्हणजे, त्यानेही नाही. तो चुकीला लाजून गप्प आहे, असं मी धरून चाललो. तसं धरून चालणं सोयीचं होतं.

दौलतच्या पुण्यानुमोदनाला, म्हणजे त्याच्या दिवसकार्याला, मी बारा वर्षांनी त्याच्या घरी गेलो. वंदना झाल्यावर पंगत बसली. शेवंतावहिनी स्वतः वाढत होत्या. माझ्या ताटात भात पडला आणि मी सवयीने म्हणालो, "बस वहिनी, बस." त्यांचा हात वाटेतच थांबला. "हा शबुद आमच्या घरी कोनी बोलत नाई, भाऊजी," त्या हळू म्हणाल्या. "त्याईनंच बंद केला होता. पुरे झालं का ताटावर हात ठेवत." मी समोर पाहिलं. दौलतचे दोन्ही मुलगे जेवत होते. वाढपी जवळ आला तसा थोरल्या मुलाने काही न बोलता ताटावर पंजा आडवा धरला.

जेवण मला गेलं नाही. हात धुताना मी वहिनींना म्हणालो, "तो शब्द माझा होता. दौलत नको म्हणत होता."

"मालूम हाय मले."

"मग तो कुणाला बोलला का नाही?"

"म्या म्हटलं होतं त्याईले. मास्तर तुमचं नाव खराब करून राहिले, सांगून टाका ना लोकायले. तं म्हने, शबदाची गोठ निंगाली का वरडलं कोन हेबी निंगन. मास्तरची पोरगी ल्हान हाय. राहू दे माह्यावर."

कुत्र्याला उताणं पाडून गळा दाबणारा माणूस तो. आणि मी प्रेमाने शिकवणारा! शरमेने माझ्याच्याने तिथे उभं राहवेना.

सुमन आता भंडाऱ्याला असते. मागच्या रविवारी मी तिच्याकडे गेलो आणि सगळं सांगितलं: शब्द कोणाचा, धाक कोणाचा, कोण कशासाठी गप्प राहिलं. दोष तुझा नव्हताच, असंही म्हणालो. भाजी निवडता निवडता तिने खाली बघतच सांगितलं.

"बाबा, मी सातवीत असताना काका रस्त्यात भेटले होते. सायकलवरून उतरले आणि म्हणाले, शाळेत जाऊन राहिली का बेटा? मी त्यांच्या समोर थुंकले." तिने मान वर केली. "तुम्हाला घरी येऊन सांगितलं तेव्हा तुम्ही मला जवळ घेतलं होतं."

मला हे आठवत नाही. तिला मात्र नीट आठवतं, की त्या संध्याकाळी मी तिच्यासाठी मुद्दाम जाऊन पेढे आणले होते.