अक्षत दारात द्यायची असते

लेकीच्या लग्नाचे आमंत्रण मोबाईलवरून पाठवावे, असे मुलाने सुचवले आणि मी ते मान्य केले. विजेचे बिल, गॅसची नोंदणी, औषधे, पेन्शनची चौकशी हे सर्व मी त्याच यंत्रावर करते. मग आमंत्रणच वेगळे का मानावे, असा माझा तर्क होता. नातलगांच्या नावांपुढे निळ्या खुणा उमटल्या, तशी मी निश्चिंत झाले. वास्तविक वर्गात गणित शिकवताना बरोबरच्या खुणा करण्यातच माझे आयुष्य गेले. उत्तर बरोबर आले म्हणजे गणित समजले असे नव्हे, हे मीच मुलांना बजावत असे.

हळदीसाठी गाडी कधी पाठवू, असे विचारायला मी मैंदर्गीला थोरल्या बहिणीला फोन केला.

“कशाची हळद गं?” आक्का म्हणाली.

“अगं, पत्रिका पाहिलीस ना?”

“सुनंनं दावली की. गणपती नाचत हुता. लगीन गणपतीचं हाय का तुझ्या लेकीचं?”

मी हसले. ती हसली नाही. “बोलीवल्याबिगर आमी कुटं जात न्हाय, मास्तरीणबाई,” असे म्हणून तिने फोन ठेवला.

दारात येऊन कुंकू लावावे, हातावर अक्षत ठेवावी आणि तोंडाने ‘या’ म्हणावे, त्याखेरीज आमच्याकडे कोणी कार्याला जात नाही. सख्खी बहीण तर मुळीच नाही. आई लवकर गेली, त्यामुळे मला पहिली हळद आक्काने लावली होती. माझ्या लेकीला ती दुसऱ्या कोणाच्या हातची लागावी, ही कल्पना मला सोसवेना.

“आई, मावशीला व्हिडिओ कॉल कर. पाच मिनिटांत मिटेल,” मुलगा म्हणाला. “लग्न तोंडावर आलंय, आणि एवढ्यासाठी मैंदर्गी?”

“एवढ्यासाठीच,” मी म्हणाले. सोलापूरहून एस.टी.त बसले आणि मोबाईल बंद करून पिशवीच्या तळाशी घातला.

आक्का ओसरीवर ज्वारी पाखडत होती. सूप खाली न ठेवताच म्हणाली, “का गं, फोन बिगाडला व्हय तुझा?”

“चांगला चालतोय. त्याला कुंकू लावता येत नाही.”

मी तिला कुंकू लावले, अक्षत दिली. “हळदीपासून सगळ्यांनी यायचं, आक्का.”

तिने मूठ मिटली. म्हणाली, “गाडी सकाळच्या पारी पाठीव. ऊन लई सोसत न्हाय मला. आणि हळद कांडून आणते मी, ती पाकिटातली नगं.”

घरी आल्यावर मुलाला स्पष्ट सांगितले: कार्यालय, वाजंत्री, गाड्या तू मोबाईलवर खुशाल ठरव. वडीलधाऱ्यांच्या दारात मात्र मी जाणार; उद्या अक्कलकोट, नंतर माढा.

“आणि इथली कामं राहिली तर?”

“राहू देत. आचाऱ्याला फोन कर,” मी म्हणाले आणि तांदळाला कुंकू चोळायला बसले.