अप्पांची फेरी आणि माझे चार सेन्सर

आधी माझी बाजू मांडते, म्हणजे कमेंटमध्ये कुणी मला अंगारा लावायला सांगणार नाही. मी चिंचोळी एमआयडीसीत एका कारखान्याच्या मेंटेनन्सला आहे, अठरा वर्षं. मशीन आपोआप चालू झालं असं कुणी म्हणालं की मी आधी वायर बघते, मग सांगणाऱ्याचं तोंड हुंगते. बाहेरची बाधा, अमक्याला दिसलं, तमक्याला भासलं... सगळ्यांना मी हसत आलेय. आणि जे झालं ते नेमकं मी माझ्या हाताने बसवलेल्या दिव्यांत झालं. हेच जास्त झोंबतं.

आमचं शेत सोलापूरपासून पाऊण तासावर, अक्कलकोटच्या बाजूला. तिथे अप्पा आणि अव्वा, म्हणजे माझे आईवडील, दोघंच राहतात. तीन खोल्यांचं स्लॅबचं घर, पुढे मोठं अंगण. गेल्या पावसाळ्यात अप्पा अंधारात गोठ्याकडे जाताना पडले आणि खुब्याचं हाड मोडलं. ऑपरेशन झालं, हाड जुळलं, डॉक्टर म्हणाले आता चाला. पण अप्पा चालेनात. खाटेपासून खुर्चीपर्यंत, तेही अव्वाने धरून. वॉकरवर टॉवेल वाळायला लागले. "आनि पडलो तर?" एवढंच त्यांचं म्हणणं.

शेवटी त्यांनी जाहीर केलं — ही येळवस, म्हणजे वेळ अमावस्या, झाली की जमीन वाट्याने द्यायची, घराला कुलूप लावायचं आणि शहरात दादाकडे राहायचं. दादा माझा थोरला भाऊ. अव्वाने त्या दिवशी दोनदा अंगण झाडलं, ते मला बघवलं नाही.

मी चिडले. अंधारामुळे पडलात ना, मग अंधारच काढून टाकू की! नवी पेठेच्या मागच्या एका दुकानातून चार वायरलेस मोशन सेन्सर आणि त्यांचे दिवे आणले. प्रकार सोपा आहे. समोरून माणूस गेला की सेन्सर सिग्नल सोडतो, दिव्यातला रिसीव्हर तो पकडतो आणि दिवा लागतो. पुढे हालचाल नसली की ठरलेल्या वेळाने विझतो. सेन्सर सेलवर चालतो, त्यामुळे भिंती फोडायच्या नाहीत. येळवशीच्या सकाळी मी एक नंबर दाराशी, दोन गोठ्याशी, तीन बोअरपाशी आणि चार फाटकाशी बसवला. कुत्र्यामुळे लागू नयेत म्हणून छातीच्या उंचीवर. दिवा चालू राहायची वेळ टेस्टिंगसाठी दहा सेकंद ठेवली. अप्पा खुर्चीतून बघत होते. म्हणाले, "मी चालनारच न्हाय, मग कुनासाठी लावतीस?"

"तुमच्या म्हशीसाठी," मी म्हणाले.

ज्यांच्याकडे येळवस नसते त्यांच्यासाठी सांगते. मार्गशीर्षातल्या अमावस्येला आम्ही शेतात कडब्याची कोप, म्हणजे खोपी, करतो, त्यात पाच दगड पांडव म्हणून पुजतो, आणि मग भज्जी, आंबील, बाजरीचे उंडे असं पोट फुटेस्तोवर जेवतो. दिवस मावळला की घरच्या कर्त्याने कडब्याची पेटती पेंडी, म्हणजे हेंडगा, घेऊन फेरी काढायची. आधी अंगणाला, मग बांधाने. कर्ता असताना दुसऱ्याने हेंडगा उचलायचा नाही, हा आमच्या घरचा कायदा. अप्पांची पन्नासेक वर्षं एकही फेरी चुकलेली नाही.

यंदा जेवण झकास झालं, पण संध्याकाळ झाली तशा सगळ्यांच्या नजरा अप्पांकडे जायला लागल्या. कोपीसमोर बसलं की अंगणातले चारही दिवे दिसतात. दादाने हळूच विचारलं, "अप्पा, मी फिरू का?"

"मी जिता हाय अजून."

"मग तुम्ही उठता का?"

"मला जमत न्हाय म्हनून सांगितलं की!"

हेंडगा तसाच खुर्चीला टेकवलेला. दिवस बुडाला, अंधार पडला. आणि दाराशी एक नंबर लागला.

मी आधी माणसं मोजली. अप्पा, अव्वा, दादा, वहिनी, मी. सगळी कोपीपाशी. कुत्रं अव्वाच्या पायाशी उंडा खात होतं. दहा सेकंदांनी एक नंबर विझला. जरा वेळाने गोठ्याचा दोन नंबर लागला... विझला. मग बोअरचा तीन नंबर लागला आणि विझेचना. अव्वाने माझा दंड धरला. कारण तीन नंबरपाशी अप्पा दरवर्षी थांबतात, तिथून पिकाला हेंडगा ओवाळतात. अगदी तेवढाच वेळ तो दिवा राहिला. अंगणात माणूस दिसत नव्हता, साधी सावली नव्हती. मग फाटकाचा चार नंबर लागला. चाल पण तीच — सावकाश, रमत, अप्पांची.

मला भीती वाटायला हवी होती. खरं सांगते, अंगावर काटा आला तो आनंदाने, आणि का ते मला तेव्हा कळलंही नाही.

अप्पा चिडले की कानडीत जातात. "यारू अल्ली?" ते ओरडले. कोण आहे तिकडे? "माज्या आधी माजी फेरी कोन काडतंय? मला इच्यारलं का कुनी?" आणि आमचे अप्पा उठले! एका हातात वॉकर, दुसऱ्यात हेंडगा. "पेटव रे," दादाला म्हणाले. दादाने काडी लावली आणि बादलीभर पाणी घेऊन मागे पळाला. अव्वा रडत होती आणि हसतही होती. वहिनी थाळी वाजवायला लागली, कारण कुणालाच काय करावं सुचत नव्हतं. एक नंबर लागला. दोन लागला. तीनला अप्पा थांबले, पिकाला ओवाळलं. आम्ही सगळे मागून ओरडत होतो, शर्यतीत आमचाच बैल पहिला आल्यासारखे.

फाटकाशी पोचल्यावर मात्र तिथे काळोख. अप्पा अंधारातून ओरडले, "सुमे, तुजा चौथा बंद हाय की!"

तेव्हा मला आठवलं. एका सेन्सरला दोन सेल लागतात, चार सेन्सरला आठ. मी आणले होते सहा. मेंटेनन्सची सुपरवायझर, आणि सेल मोजता येत नाहीत! चार नंबर मी सकाळी रिकामाच अडकवला होता. टॉर्च लावून उघडून बघितला... आत काही नव्हतं.

मग जे लागलं होतं ते काय? दुसऱ्या कुणाचा रिमोट म्हणावा, तर जवळचं घर दोन शेतं सोडून, आणि तिथे असलं काही नाही. रिसीव्हर कारखान्यात नेऊन तपासला, ठणठणीत आहे. व्होल्टेज, पाली, तापलेली भिंत, सगळं करून झालं. पुन्हा तसं कधी झालं नाही. तुमच्यात कुणी इलेक्ट्रॉनिक्सवाले असाल तर सांगा, मी मनापासून ऐकेन.

जमीन वाट्याने दिली नाही. अप्पा आता रोज संध्याकाळी म्हशीपर्यंत जातात, दिवे लावत. परवा मी विचारलं, "अप्पा, त्या दिवशी कोण असेल हो?"

ते वैरण टाकत होते. मागे न बघता म्हणाले, "कोन का असंना. घाई लई केली त्यानं, बांधाकडं गेलाच न्हाय. फुडच्या साली त्याला संगं नेतो, म्हंजे कळंल."