परवागिल्ला म्हणजे पर्वा नाही?

आज ऑफिसात अक्षरशः किळस आली, म्हणून इथे लिहितेय.

छोटे उद्योग मोडल्यावर पुन्हा कसे उभे राहतात आणि टिकतात, याचा आमची संस्था अभ्यास करते. कोणाला मदत द्यायची, तेही त्यावरूनच ठरतं.

सकाळी मी आणि पुण्याहून नुकताच आलेला एक सहकारी बोम्मसंद्र्यात मंजुळाअक्कांकडे गेलो. त्या गारमेंट कारखान्यांतल्या चिंध्यांपासून हातमोजे शिवतात. निम्म्या मशीन झाकून ठेवलेल्या. धंदा कसा चाललाय विचारलं, तर हसून म्हणाल्या, "परवागिल्ला." मग आम्हाला कॉफी दिली.

कन्नडमध्ये याचा अर्थ, चाललंय आपलं. पाहुण्यांपुढे रडगाणं कोण गाणार?

आमच्या पुणेकर साहेबांनी मात्र ते मराठी कानांनी ऐकलं. दुपारी इंदिरानगरला परतल्यावर त्यांचा अहवाल वाचला: 'मालकिणीला धंद्याची पर्वा नाही. मदत देऊ नये.'

मी अर्थ सांगितला. सँडविच चावत तो म्हणाला, "अगं, पाठवून झालंय. आता स्वल्प ॲडजस्ट कर ना."

'जरा सांभाळून घे' म्हणण्याएवढं कन्नड मात्र बरोबर शिकलाय.

दुरुस्ती मीच पाठवली. तेव्हापासून तो माझ्याशी बोलत नाहीये. परवागिल्ला.

पण तुम्हीच सांगा, पर्वा नक्की कोणाला नाही?