बेघर पाहिजे

आम्ही चार-पाच जण एका छोट्या संस्थेसाठी घरांचं सर्वेक्षण करतो. संध्याकाळी शहरात, छावणी भागातल्या टपरीवर चहाला जमलो की आकडे बाजूला राहतात आणि किस्सेच निघतात. इतके साठलेत की मला आता त्यांचाच राग येतो.

*

वैजापूर तालुक्यातलं एक गाव. आमच्या वसीमने एका गल्लीत तीन घरांत एकेक माणूस राहतो असं नोंदवलं. तिन्हीकडे नाव एकच, सखाराम! मी चिडून स्वतः गेलो. शेजारी कायमचे शहरात गेलेले आणि म्हातारा खरंच तिन्ही घरांत आळीपाळीने झोपत होता.

"माणूस निजला नाय की घराला वाळवी धरती," तो म्हणाला.

*

त्याच गावाला आणखी घरकुलं हवी होती. शाळेत पोरं उरली नाहीत, मग या घरांत राहणार कोण, असं मी सरपंचांना विचारलं.

"ते नंतर बघू. मंजुरी परत गेली तर तालुक्यात तोंड कसं दाखवू?"

*

याच गावची लताबाई शहराजवळ, कारखान्यांच्या चितेगावला भेटली. नवरा-बायको दोघं कंपनीत. पत्र्याची एक खोली, तीही वाटून घेतलेली. दिवसा रात्रपाळीवाले झोपायचे, रात्री हे दोघं आणि दोन पोरं. मालकाला तिथं गोदाम बांधायचं होतं, पावसाळ्याआधी खोली सोडा म्हणाला.

तिने चितेगावात घरकुल मागितलं. नकार आला, कारण गावाकडे तिच्या नावावर पक्कं घर आहे. मी तिला घेऊन कार्यालयात गेलो, भांडलो. साहेब शांतपणे म्हणाले की आता जन्मच कमी होताहेत, पुढे घरं उरतील, टंचाई आपोआप संपेल.

लताबाईने विचारलं, "मग तवर पोरांना कुठं निजवू?"

*

शेवटी ती गावचं घर परत द्यायला तयार झाली. साहेबांनी अट घातली. गावातलाच एखादा बेघर आणा, घर त्याच्या नावावर करू, मग तुमचं इथं बघू. लताबाई रजा टाकून गावी गेली, दारोदार फिरली. सोमवारी मी आणि वसीम तिच्यासोबत कार्यालयात होतो.

"सापडला का कुणी?" साहेबांनी विचारलं.

"जे उरलेत त्या समद्यांना घरं हायत, साहेब. गावात बेघर एकच निघाली. मीच."