लातूरचे जर्मन आजोबा

“मॅडम, आज मला काय झालंय?” क्लासच्या दारात चपला काढता काढता ते विचारायचे. “आज तुम्ही न्हाणीघरात पडलाय,” असं मी म्हटलं की लगेच लंगडत आत यायचे.

तुम्ही म्हणाल, हा काय प्रकार? तर लातुरात आमचा क्लास आहे. नर्सिंग झालेल्या मुलींना आम्ही जर्मन शिकवतो. तिकडं जर्मनीत म्हातारी माणसं उदंड झालीत आणि त्यांना उठवा-बसवायला हात कमी पडतात, म्हणून या मुली जातात. सरावाला एक जर्मन म्हातारा हवा होता. शेजारचे हे आजोबा, भुसार दुकान मुलाच्या हवाली करून, आमच्या ओट्यावर पेपर वाचत बसायचे. त्यांनाच खाटेवर निजवलं.

कपाळावर भस्माचे पट्टे. मी म्हटलं, “आजोबा, जर्मन माणूस भस्म लावत नाही हो.”

“लावत आसंल की एखादा,” म्हणाले आणि डोळे मिटून आजारी पडले.

तिकडचं सरकार म्हाताऱ्यांच्या दवापाण्यावर किती खर्च करतं हे ऐकल्यापासून त्यांना त्या देशाचीच काळजी. मुलींनी खोट्या गोळ्या पुढं केल्या की एक परत करायचे. “एवढ्या कशाला? सरकार बुडंल त्यांचं.”

मुली मात्र त्यांच्या मते सगळ्या कच्च्या. मुरुडची एक पोर फाडफाड जर्मन बोलायची. तिचा व्हिसा आला तर म्हणाले, “पाठवू नका. कच्ची हाय अजून.” मी चिडलेच.

मग हळूच म्हणाले, “कुठं दुखायलंय, आसं घरात कोणी इचारत न्हाई मॅडम. ही रोज इचारती.”

पण पोर गेलीच. त्या दिवसापासून त्यांनी अंथरूण धरलं, खरोखरचं, घरी.

काही दिवसांनी त्यांची सून क्लासला आली. “मॅडम, मराठीत काही इचारलं की भिंतीकडं तोंड करायलेत. मला ते ‘कुठं दुखायलंय’चं जर्मन वाक्य शिकवा.”

मी शिकवलं. ‘वो टूट एस वे?’ घोकत घोकत ती स्कूटीवरून गेली.

पुढं भाजीबाजारात भेटली. “इचारलं मी. मराठीतच बोलले. गुडघ्यापासून सुरू केलं, मग कंबर, मग आमच्या मालकांनी दुकानात येऊ नका म्हटलं ते. शेवटी वारलेल्या सासूबाईंवर आले अन् रडाय लागले. मी बी रडले.”

आजोबा आता क्लासला येत नाहीत. खाटेवर आम्ही प्लॅस्टिकचा पुतळा आणून ठेवलाय. मुली त्याला कुठं दुखतंय ते विचारतात आणि उत्तराची वाट न बघता उशी सरळ करतात.