भट्टीबाहेरच्या चपला

गेल्या महिन्यात आमच्या साखर कारखान्याचे बॉयलर मिस्त्री गेले. निवृत्तीनंतर ते नेकनूरकडच्या आपल्या गावी राहत. दहाव्याला जाऊन आलो. परतताना एसटीत एकच सकाळ आठवत राहिली.

मी तेव्हा कारखान्यात नवा कारकून होतो. सुरक्षेच्या फायली माझ्याकडे. तपासणीला निरीक्षक येत, शेरे लिहून जात आणि त्या शेऱ्यांची पूर्तता झाल्याचं मी सुरेख अक्षरात लिहून कळवी. अक्षराचं कौतुक होई, त्यात मी खूश असे.

एका वर्षी निरीक्षकांनी बॉयलरच्या भट्टीवर शेरा मारला. हंगामाआधी भट्टीत विटांचं काम करणारी माणसं चपला बाहेर काढून अनवाणी आत उतरत. गार असली तरी विस्तवाची जागा ती. दाराशी जितके जोड, तितकी माणसं आत, अशी मिस्त्रींची रीत. निरीक्षकांनी लिहिलं, कामगारांना बूट द्यावेत आणि आत-बाहेरच्या नोंदीचं रजिस्टर ठेवावं. बूट आले, तरी कितीजण दाराशी चपला काढून अनवाणीच उतरत. रजिस्टर मी आखलं.

त्या हंगामात भट्टी पेटवायच्या पूजेला मंडप भरला होता. ऊसतोडीच्या टोळ्या तळावर येऊन थांबल्या होत्या. गुरुजींनी मुहूर्त झाल्याचं सांगितलं, अध्यक्षांनी पेटता काकडा हातात घेतला आणि मिस्त्री भट्टीच्या तोंडापुढे येऊन उभे राहिले.

"कावून आडवं आलाव, मिस्त्री?" एका संचालकांनी विचारलं.

"बाजूच्या दाराशी चपलाचा जोड हाय."

"रजिस्टरात समदे बाहेर हायत की."

"रजिस्टर चपला घालत न्हाई, मालक."

लोक हसले. मिस्त्री बॅटरी घेऊन आत उतरले. बराच वेळ त्यांच्या हाका घुमत राहिल्या. राखेनं माखून बाहेर आले तोवर मुहूर्त टळला होता. आत कोणी नव्हतं. मग गर्दीतून एक म्हातारे पाहुणे संकोचत पुढे आले. सगळ्यांनी मंडपाबाहेर चपला काढल्या होत्या. हे चुकून मागच्या वाटेनं आले आणि त्यांनी त्या दाराशी काढल्या.

"माज्याच हायत ओ त्या," ते म्हणाले.

"घाला आता हार मिस्त्रीला," संचालक म्हणाले.

मला हसू आलं नाही. त्या दिवसाचं रजिस्टर मी सकाळी ऑफिसातच बसून भरलं होतं. हजेरीवरून नावं उतरवली आणि 'बाहेर'च्या रकान्यात वेळा घातल्या. भट्टीकडे फिरकलोही नव्हतो.

आठवड्याभरात मिस्त्रींना कारणे दाखवा नोटीस निघाली. नोंदी पूर्ण असताना कार्यक्रमात व्यत्यय आणल्याचा ठपका होता. टाइप मीच केली. हेड मिस्त्रीची जागा त्याच वर्षी भरायची होती आणि तिच्यावर त्यांचा हक्क होता. उत्तर लिहून घ्यायला ते माझ्याकडेच आले.

"मिस्त्री, ते रजिस्टर मी..."

"ठाव हाय. तुमी खाली आलाच न्हाईत."

"मग उत्तरात तसं लिहू?"

"कशाला? तुमची नोकरी नवी हाय. लिहा, खात्री वाटली न्हाई, म्हून थांबलो."

तेवढंच लिहिलं. मीही पुढे कोणाला काही सांगितलं नाही. जागा दुसऱ्याला मिळाली. मिस्त्रींनी त्याचा विषय कधी काढला नाही आणि मला तो काढायचं धाडस झालं नाही.

पुढच्या हंगामाआधी मी रजिस्टर घेऊन भट्टीपाशी गेलो. माणसं बाहेर आली, तसतशी एकेकाच्या नावापुढे वेळ लिहिली. सही करणार, तेवढ्यात मिस्त्री म्हणाले, "आदी आत बघून या, भाऊसाहेब."

मी वाकून आत गेलो. विटांचा गारवा होता, जुन्या राखेचा वास होता. कोपरा न् कोपरा पाहायला वेळ लागला. मी बाहेर येईपर्यंत ते दारातून हलले नाहीत.